घरी परत जात आहे

सोमवार

डॉक्टर म्हणाला, पाय रोज कसा आहे ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी वही घेऊन या. पाय आहे तसा आहे. झालं लिहून.

आता अख्खी वही आणलीच आहे तर कोरी कशाला ठेवू? बाकीचंही लिहिते. डॉक्टरला पायापुरतं वाचून दाखवीन.

आज ड्रोन आणला. दुकानातला माणूस खोकं उघडता उघडता म्हणाला, "नातवासाठी का, आजी?" म्हटलं, "नातू नाही. मला पाहिजे. आणि आजी घरच्यांनी म्हणायचं, दुकानात नाही." मग मॅडम म्हणायला लागला. तेही नको होतं, पण किती भांडणार.

संध्याकाळी चिरंजीव आले. खोकं बघून बूट न काढताच खुर्चीत बसले.

"आई, हे काय?"

"ड्रोन."

"ते दिसतंय. कशाला?"

"डोंगर चढायला."

चिरंजीव विमा विकतात. त्यामुळे त्यांना जिथे तिथे अपघातच दिसतो. मागच्या साली मला झाला, तेव्हापासून तर विचारूच नका.

डॉक्टरला माहीत नसेल म्हणून लिहिते. मी मधमाश्या पाळते. पेट्या अंगणात असतात. इथला फुलोरा संपला की पेट्या गाडीत घालून दुसऱ्या फुलोऱ्यावर न्यायच्या, तिथला संपला की तिसऱ्या. पण फुलोरा कुठे लागलाय हे कुणी घरी येऊन सांगत नाही. चढून बघून यावं लागतं. तेच बघायला चढले आणि घसरले, खुब्याचं हाड मोडलं. आता चढ बंद, उतार बंद, चिरंजीवांचा जीव भांड्यात. पेट्या विकून टाक म्हणून मागे लागलाय. एक व्यापारी सगळ्या पेट्या एकदम न्यायला तयार आहे. तो येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ट्रक घेऊन येणार.

मी सांगितलंय, त्याच्या आत मी न चढता फुलोरा शोधला तर पेट्या माझ्या. नाही सापडला तर घेऊन जा म्हणावं. मी शब्द कमी देते, पण दिला की दिला.

सूनबाई काही बोलली नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांशी डोकं लावते, घरी येऊन बोलायला शिल्लक राहत नसेल. जेवण झाल्यावर माझा फोन घेऊन बसली आणि ड्रोनची भाषा मराठी करून दिली. मी सांगितलं नव्हतं. परत दिला तोही न बोलता. रागावली असेल.

बुधवार

काल आणि आज अंगणात उडवला. पेट्यांपासून लांब, मागच्या बाजूला. डोक्याजवळ काही घुरघुरलं की माश्या पिसाळतात, आणि हा तर नुसता घुरघुरतोच.

फोनमध्ये एक बाई बोलते. उडताना पहिल्यांदा म्हणाली, "घर नोंदवले आहे." म्हटलं शहाणी आहे, आल्या आल्या पत्ता पाठ केला. आज परत उडवला तर परत तेच. "घर नोंदवले आहे." एकदा सांगितलेलं लक्षात राहत नसेल बिचारीच्या.

दोरीवरच्या चादरीत घुसला. चादर फाटली, ड्रोन ठणठणीत. चिरंजीवांची चादर होती.

पाय ठीक.

शुक्रवार

भोंग्याची गाडी घेऊन जवळचा उतार बघून आले. भोंगा म्हणजे आमचा पिकअपवाला. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल. वळण असो, नसो, समोर कुत्रं असो, नसो, हॉर्नवरचा हात काढत नाही.

उतारावर काही नाही. गेल्या साली या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आता नुसती काटक्यांची दाढी. ड्रोनने सगळं नीट दाखवलं, मी गाडीत बसून बघितलं. म्हणजे यंत्र कामाचं आहे. फुलं नाहीत त्याला यंत्र काय करणार?

घरी येऊन पेट्यांना साखरेचं पाणी ठेवलं. मला ते आवडत नाही. आजाऱ्याला सलाइन लावतात तसलं ते. चार दिवस चालवायचं, त्यापुढे माश्या आळशी होतात आणि मग मरतात. चौकटी उचलून बघितल्या, फार हलक्या झाल्यात.

आता राहिला खिंडीपलीकडचा उतार. रस्त्यावरून दिसत नाही, मधे डोंगराचा खांदा येतो. चिरंजीव म्हणतात तिथे मध्यंतरी वणवा लागला होता, सगळं जळलं. "तू बघितलंस?" म्हटलं. तर म्हणे ऐकलंय. ऐकलेल्यावर मी पेट्या विकायच्या?

रविवार

लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते. नाहीतर उद्या मलाच वाटेल की असं झालंच नाही.

सकाळी भोंग्याला घेऊन खिंडीखालच्या मोठ्या वळणावर गेले. जमिनीवर धूळ फार, म्हणून गाडीच्या हौद्यात फळी टाकली आणि तिथूनच उडवला. बाई म्हणाली, "घर नोंदवले आहे." म्हटलं, हो गं बाई, माहितीये.

वर गेला, खांद्यावरून पलीकडे वळला. फोनमध्ये एक क्षण सगळं पांढरं दिसलं. उतारभर पांढरं! मी ओरडलेच. भोंगा म्हणाला, "मावशी, फुलं आहेत का?" मी म्हटलं, "थांब, बघू दे," आणि तेवढ्यात चित्र गोठलं. हलेना. दाबलं, परत दाबलं, फोन आपटायचा तेवढा ठेवला. मग बाई बोलली, "संपर्क तुटला आहे. घरी परत जात आहे."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान वाट तरी माहितीये.

भोंगा म्हणाला, "थांबायचं का, मावशी, इथे?"

"इथे थांबून काय करू? ती म्हणाली ना, घरी जातोय. आपण पोचायच्या आत तो पोचेल आणि छपरावर उन्हात बसून राहील. चल, मार गाडी."

भोंग्याला एवढंच पाहिजे असतं. हॉर्न वाजवत आणली गाडी. मी आल्या आल्या गच्चीवर गेले. जिना चढले, हो. डॉक्टरने वाचलं तर वाचू दे. मऊ सतरंजी अंथरली आणि खुर्ची टाकून बसले. चहा वरच मागवला.

दुपार झाली. ऊन उतरलं. कावळे येऊन गेले, शेजारणीचा पतंग येऊन पडला, ड्रोन नाही.

चिरंजीव वर आले. "आई, खाली चल."

"तो वाट चुकला असेल. येईल."

"आई, तो गेला."

"गेला म्हणजे? मेला नाहीये तो."

सूनबाई जिन्यात उभी होती. तिथूनच म्हणाली, "आई, पण त्याचं घर कुठलं?"

मला असा संताप आला. म्हटलं, "घर कुठलं म्हणजे? जिथे त्याला खायला घालते ते. रोज रात्री याच घरात याच भिंतीला लावून चार्ज करते त्याला."

ती वर आली. मग माझी सतरंजी गुंडाळायला लागली. मी म्हटलं, राहू दे.

सतरंजी अजून वरच आहे.

सोमवार

उठल्या उठल्या दुकानवाल्याला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, घर म्हणजे जिथून उडवला ती जागा. तो तिथेच परत येतो."

फोन ठेवला आणि तशीच बसले.

मी. माणसांना पेट्या हाताळायला शिकवणारी मी. नव्या माणसाला मी पहिली गोष्ट काय सांगते? माशी फुलांवर गेलेली असताना पेटी हलवू नकोस. चार हात जरी सरकवलीस तरी ती जुन्या जागीच येणार आणि तिथे पेटी नसली तर हवेतच घुटमळत राहणार. तिला पेटीशी देणंघेणं नाही, जागेशी आहे. लांब न्यायची असेल तर सगळ्या आत आल्यावर दार बंद करून ने. हे मी झोपेत सांगेन. आणि तो परत येत असताना मी त्याची पेटीच, म्हणजे भोंग्याची गाडी, हाकलून घेऊन आले. हॉर्न वाजवत!

पाय दुखला असता तर बरं झालं असतं, तेवढंच दुसरं काही दुखलं असतं.

चिरंजीव ऑफिसला गेल्यावर भोंग्याला बोलावलं. सूनबाई म्हणाली, मी येते, दुकानात उशिरा जाईन. म्हटलं, ये. माझ्यावर लक्ष ठेवायला नवऱ्याने सांगितलं असेल.

वळणावर पोचलो. जिथे गाडी उभी होती तिथे काही नाही. कठड्याच्या दगडावर मात्र पांढरा ओरखडा आणि खाली प्लास्टिकचा तुकडा. म्हणजे आला होता. बरोब्बर आला होता. उतरायला हौदा नाही, फळी नाही, मग थोडा सरकला, कठड्याला धडकला आणि पलीकडे दरीत गेला.

कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली दाट झाडोरा, आणि त्यात एक काळी तंगडी वर. ड्रोनची.

मी पाय उचलला तशी दोघांनी मला धरली. भोंगा म्हणाला, मी उतरलो असतो, मावशी, पण मग मला वर काढायला क्रेन लागेल. खरं आहे ते. तेवढ्यात बघते तर सूनबाई कठड्यावरून पलीकडे. दुकानात जायच्या कपड्यांत! मी ओरडतेय, भोंगा ओरडतोय, आणि ती फांद्या धरधरून खाली. कुठे शिकली कोण जाणे. विचारायला पाहिजे.

वर आली तेव्हा ध्यान दिसत होती. पांढरा कुर्ता खांद्यापासून खालपर्यंत पिवळाधमक, केसांत कचरा, बुटांचे तळवे चिकट झालेले, डांबरावर चटाचट वाजत होते. आणि शिंका. एक झाली की दुसरी. डोळे लाल. काहीतरी सांगायला तोंड उघडायची की शिंक. मी म्हटलं, आधी ड्रोन दे, मग शिंक.

एक हात तुटलाय. पोटाला चीर. डोळ्याची काच शाबूत. पदरात घेतला. घरापर्यंत मांडीवरच ठेवला.

मंगळवार

सूनबाईने ड्रोनच्या पोटातून नखाएवढी चकती काढली. म्हणाली, फोनला दिसलं नाही तरी तो स्वतः सगळं बघत होता, ते यात आहे. टीव्हीला लावलं. चिरंजीवही बसले.

सुरुवातीला भोंग्याची गाडी. हौद्याजवळ एक म्हातारी काठीवर रेलून वर बघतेय, तोंड उघडं. मी म्हटलं ही कोण? मग कळलं. भांगात एवढं टक्कल पडलंय आणि घरात कुणी बोललं नाही. आणि मी एवढीशी कधी झाले?

मग डोंगर, मग खांदा, मग पांढरा उतार. तिथे तो बराच वेळ हवेत उभा होता. वाट बघत असेल मी काही सांगेन म्हणून.

"बघ!" मी म्हटलं. "भरलाय उतार."

"आई, ती राख असेल. नाहीतर खडक."

"राख अशी चमकते?"

"फुलं अशी चमकतात?"

चित्र मोठं केलं तर नुसते चौकोन दिसायला लागले. चौकोनांवरून आम्ही अर्धा तास भांडलो.

मग तो परत फिरला. रस्ता दिसायला लागला. तेच वळण. वर येऊन थांबला. खाली कोणी नाही. रिकामा रस्ता, गाडीच्या चाकांच्या खुणा, बस्स. हळूहळू खाली येतोय, रस्ता मोठा होतोय, आणि कोणी नाही.

चिरंजीव माझ्याकडे बघत होते. म्हटलं, माझ्या तोंडात काय बघतोस, टीव्हीत बघ.

सूनबाईने शेवटी एका जागी थांबवलं. कठड्यापलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हे खाली..." आणि शिंक. मी म्हटलं, रान आहे ते, काल तर लोळून आलीस त्यात. बंद कर.

साखरेचं पाणी वाढवलं.

गुरुवार

चिरंजीव आज ऑफिसला गेलेच नाहीत. मला वाटलं गेले. दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत काळे आणि दोन्ही तळहात सोललेले. खिंड चढून पलीकडे जाऊन आले! ज्याला गच्चीच्या कठड्याजवळ चक्कर येते तो.

खिशातून विम्याचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. आत चिमूटभर राख. विमावाल्याला पुरावा लागतो.

"सगळा उतार असाच आहे, आई. वर पांढरी, खाली काळी. एक हिरवं पान नाही."

म्हटलं, "समाधान झालं?"

तो हात धुवायला गेला. हरले मी आणि तोंड पडलं त्याचं, हे कुठलं गणित? मला खोटं ठरवायलाच गेला होता ना? मग आता नाचायला पाहिजे.

सूनबाईने विचारलं, "आई, आता?" म्हटलं, आता काय, रविवारी ट्रक येईल. दिलेला शब्द मी राखेत घालणार नाही.

पायरीवर तिचे ते बूट पडलेत सोमवारपासून. त्यावर माश्या घोंगावतायत. जाता येता पायात येतात. काठीने ढकलून दिले बाजूला. एवढी मोठी बाई, बूट आत ठेवता येत नाहीत. आणि मी ढकलले तर म्हणते कशी, "राहू द्या, आई, तिथेच असू देत." उद्धटपणा नवा आहे.

शुक्रवार

आज सकाळी एकेका पेटीची झाकणं पुसायला घेतली. दुसऱ्याच्या घरी पाठवायच्या तर घाण कशाला पाठवू? डोकं फुटायला आलं होतं. बसायला म्हणून पायरीवर आले, तर बुटांवर हीऽ गर्दी. कालच्यापेक्षा जास्त. तळव्याला चिकटून ओळीने बसलेल्या, जशा थाळीला बसतात.

म्हटलं, काय गं ए, साखरेचं पाणी समोर आहे आणि तुम्ही चामडं काय चाटताय?

आणि मग काठी हातातून पडली.

माझ्या माश्या. उपाशी माश्या. साखर सोडून एका बुटावर. पिवळा कुर्ता. चिकट तळवे. पन्नास शिंका. परागाने शिंका येतात हे मला आता कोणी पाटीवर लिहून द्यायला पाहिजे होतं का? आणि ती पोरगी चार दिवस तोंड उघडतेय आणि मी तिला गप्प करतेय.

भोंग्याला फोन केला. येताना हॉर्न वाजवलास तर भाडं मिळणार नाही म्हटलं. वळणावर गेलो. इंजिन बंद करायला लावलं. भोंग्याने या रस्त्यावर जन्मात कधी इंजिन बंद केलं नसेल. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आधी ऐकू आलं. खालून, दरीतून, सगळीकडून. जेवणाच्या पंगतीतून ऐकू येतो तसा गुणगुणाट. रानमाश्यांचा.

कठड्यावर पोटावर ओणवी झाले. भोंग्याने मागून पदर धरला आणि देवाचं नाव घ्यायला लागला. खाली ओहोळ आहे, पाणी झिरपतंय, म्हणून तिथे उशिरा आणि दाट लागलंय. लहान लहान पिवळी फुलं, पानं दिसत नाहीत इतकी. रस्त्यावरून जाणाऱ्याला कठड्यामुळे दिसत नाही. मी त्या दिवशी ह्याच जागेवर उभी राहून डोंगरापलीकडे यंत्र पाठवत होते. पायाखाली बघितलं नाही.

आणि मला खाली उतरायची गरजच नाही! फुलांपर्यंत जायला माश्यांना पंख आहेत. पेट्या वर रस्त्याच्या कडेला ठेवायच्या, बास. चढ नाही, उतार नाही. डॉक्टरने हे जरूर वाचावं.

सूनबाई दुकानातून आली तेव्हा म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"नक्की नव्हतं, आई. वाटलं होतं. म्हणून बूट ठेवले बाहेर. तुमच्या माश्यांनी सांगितलं तर तुम्ही ऐकाल."

हा मला टोमणा मारला की काय? मी म्हटलं, तू स्पष्ट सांगायला शीक. तर हसली. आमच्या घरात ही हसते हे मला माहीत नव्हतं.

शनिवार

अंधार पडता पडता शेवटची माशी आत आली. दारं बंद केली, जाळ्या ठोकल्या, पेट्या चढवल्या. भोंगा आणि सूनबाईने उचलल्या. चिरंजीव माश्यांना लहानपणापासून घाबरतात, ते ओला टॉवेल डोक्यावर घेऊन टॉर्च धरून उभे होते. दर मिनिटाला म्हणतात, "आई, रस्त्याच्या कडेला? आई, ट्रक आला तर? आई, अंगावर आली तर?"

"कोण, माशी की ट्रक?"

"दोन्ही!"

रस्त्याच्या कामाच्या मुकादमाला सकाळीच विचारलं होतं. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे येऊ नका, बाकी खुशाल राहा म्हणाला. दोन बाटल्या मध पुढच्या हंगामात, एवढंच.

अंगणात एक रिकामी पेटी ठेवली. कितीही मोजून बंद करा, चार-दोन माश्या बाहेर राहतातच. सकाळी येतील तेव्हा काहीतरी असावं.

रविवार

व्यापारी ट्रक घेऊन आला. अंगण रिकामं. गेला असता, पण शेजारणीने पत्ता दिला, तिला कुठलं पोटात राहतं. वळणावर आला. मी खुर्चीत बसले होते, पेट्यांची दारं उघडलेली, येणं-जाणं जोरात.

"आजी, शब्द दिला होता."

"दिला होता. फुलोरा सापडला नाही तर पेट्या तुझ्या. वाक बघू कठड्यावरून."

वाकला. बराच वेळ वाकून होता. मग भाव वाढवला.

म्हटलं, "ट्रक बाजूला घे, माश्यांच्या वाटेत उभा केलायस."

घेतला नाही. मग माश्यांनीच सांगितलं. गेला. टेकू म्हणून हात एका पेटीवर ठेवला होता त्याने, तो हात जाताना पायाएवढा झाला होता. मी माती लावायला दिली. शत्रू असला तरी सूज सूज असते.

बुधवार

इथेच लिहितेय, रस्त्यावर बसून. चौकटी भरतायत. काल एक उचलून बघितली, हाताला वजन लागलं. किती दिवसांनी.

दिवसभर मी असते. दुपारनंतर सूनबाई दुकानातून थेट इकडेच येते. कशाला ते कळत नाही, घरी जाऊन पडायचं सोडून. नाकाला फडकं बांधते, शिंकते आणि चौकटी धरते. हात स्थिर आहे तिचा. तुटक्या ड्रोनचा हात तिनेच मागवलाय. मी म्हटलं, पुढच्या वेळी तो परत आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, भोंग्याला आत्ताच सांगून ठेव. ती म्हणाली, "भोंग्यालाच ना, आई?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आज संध्याकाळी चिरंजीवही आले. ओला टॉवेल आणि फणकारा घेऊन.

"आई, ऑफिसात लोक काय म्हणतात माहितीये? येताजाता सगळे बघतात तुला इथे. म्हणतात, ह्याने आईला रस्त्यावर आणलं."

"मग?"

"मग काय? मी काय सांगू लोकांना?"

"सांग, ती स्वतःच्या पायाने आली."

"हे हसण्यासारखं नाहीये. मी विमा विकतो, आई. घरच्यांची काळजी घ्या म्हणून दारोदार सांगत फिरतो. आणि माझी आई..." टॉवेल डोळ्यांपर्यंत ओढला त्याने. एक माशी कानाजवळून गेली तरी हलला नाही.

मला वाटलं होतं ह्याला लाज वाटते. आता वाटतं दुसरंच काहीतरी असेल, पण रस्त्यावर बसून विचारायची ती गोष्ट नाही.

"खुर्ची घे," मी म्हटलं. "आणि भोंग्याकडून तो पुठ्ठा आण. रंग आण."

सूनबाईने पुठ्ठा धरला. अक्षर माझंच, वाकडं आहे, पण लांबून वाचता येईल एवढं मोठं काढलं. वळणाच्या अलीकडे, येणाऱ्या गाड्यांना दिसेल असं बांधलं. चिरंजीवांनीच बांधलं, दोनदा गाठ मारून.

आम्ही रस्त्यावर आलो आहोत. गाडी हळू चालवा.